मालकांची सुट्टी

"हवा विकत घेतेयस तू, ताई," भाऊ म्हणाला. शिलाईचं दुकान विकून ताईनं डिजिटल मार्केटिंगची एजन्सी घ्यायचं काढल्यापासून, कर सल्लागार असलेल्या या धाकट्या भावानं हाच धोशा लावला होता. "आहे काय तिथं? सहा लॅपटॉप. गिऱ्हाइकं सगळी मालकाच्या ओळखीची. तो गेला की तीही जाणार. मग बस माश्या मारत."

"शहाण्या, कपडा उलटा करून शिवण बघितल्याशिवाय मी आजवर काही घेतलेलं नाही."

तिनं मालकांना अटच घातली. आठवडाभर बाहेरगावी जायचं, कुणाला सांगायचं नाही आणि कामाचा फोन तिच्याकडे ठेवायचा. मालक हसले. "माझ्यावाचून इथं पान हलत नाही, बाई. दोन दिवसांत बोलावून घ्याल."

ताई आठवडाभर त्यांच्या खुर्चीत ठाण मांडून बसली. पोरंपोरी जाहिराती करत होती, गिऱ्हाइकं थेट त्यांच्याशीच भांडत होती आणि कामं मार्गी लागत होती. शेवटच्या दिवशी भाऊ मुद्दाम समोर येऊन बसला. तेवढ्यात टेबलावरचा मालकांचा फोन आठवड्यात पहिल्यांदा वाजला. भावाचा चेहरा खुलला. "घे. सुरू झालं."

ताईनं फोन उचलला. मालकच होते, हॉटेलातून बोलत होते. जरा चाचरतच म्हणाले, "कुणी मला विचारलं का हो?"

"एकानंही नाही," भावाच्या डोळ्यांत बघत ताई म्हणाली. "म्हणूनच घेतेय."