फौजेला जामीन कोण?

दहाबोचा ओझ्याचा उंट मेला, तो तिला वाचवायला आलेल्यांच्याच गाडीखाली. धान्याच्या ट्रकांना लुटारूंपासून राखत परदेशी फौजेची चिलखती गाडी भरधाव निघाली होती आणि उंट, उंटाच्या सवयीप्रमाणे, बाजूला सरला नाही.

खोपटाच्या वाकवलेल्या काठ्या, चटया, भांडी, सगळं त्या उंटावर लादून दहाबो पाण्यामागे फिरायची. इथल्या विहिरीचा तळ आता दिसू लागला होता. पुढची विहीर दोन मुक्कामांवर. उंटाशिवाय घर हलणार नव्हतं, आणि घर इथेच राहिलं तर तहानही इथेच.

बाभळीखाली पंच बसले. फौजेचा कप्तान आला, सोबत बशीर हा गावचाच दुभाषी. दहाबो थोडी लांब, पण ऐकू येईल अशी बसली.

"आधी विचार, यांचा अब्बान कोण?" पंचांतला म्हातारा शिरवा म्हणाला.

परमुलखातून येणाऱ्याने इथल्या एकाला अब्बान करायचं, अशी रीत. पाहुण्याच्या जिवाला तोच जामीन आणि पाहुण्याच्या चुकांनाही तोच.

कप्तान हसला. "तो म्हणतो, आम्हीच तुमचं रक्षण करायला आलोय," बशीर म्हणाला.

"ते कळलं. त्याच्यासाठी जामीन कोण, ते विचारतोय."

कप्तानाने बंदुकीवर हात ठेवला.

"ती जामीन राहत नाही," शिरवा म्हणाला. "बरं, बोलावलं कुणी?"

"म्हणतो, शेजारच्या घरात मारहाण चालू असताना बोलावण्याची वाट बघत नसतात."

शिरवाने दाढी खाजवली. "बरोबर आहे. लुटारू पळाले, गोणी घरापर्यंत येते, हेही नाकारत नाही. पण दार तोडून मदतीला आलेल्याचा पाय चुलीवर पडला, तर तो काय म्हणतो?"

"म्हणतो, चूल वाटेत का मांडली," दहाबो लांबून म्हणाली.

बशीरने हे भाषांतर गिळलं. कप्तान म्हणाला, झाल्याचं दुःख आहे, पण वरिष्ठांनी उंटांचा विचार केलेला नाही.

तेवढ्यात लीबान नावाच्या पंचाने विचारलं, "पहिल्या दिवशी यांना दूध कुणी पाजलं?"

सगळ्यांनी दहाबोकडे पाहिलं.

"तहानलेली पोरं होती," ती म्हणाली.

"मग मिटलं. जिचं दूध प्यायले, तीच अब्बान. उंटाची भरपाई दहाबोने दहाबोला द्यावी."

"बाई कशी अब्बान होईल?" कुणीतरी कुरकुरलं.

"या फौजेला तरी कुठे कुळ आहे? चालतंय," लीबान म्हणाला.

कुणी हसलं नाही. निवाडा तो निवाडा. दहाबो उठली. "ठीक. मग अब्बान नेईल तिकडे पाहुण्याने यायचं. बशीर, त्याला सांग, माझं घर गाडीवर लादायचं आणि पुढच्या विहिरीवर सोडायचं."

कप्तान बराच वेळ वायरलेसवर बोलला. पंचांचा चहा पिऊन झाला, तेव्हा उत्तर आलं. फौजेच्या गाडीत खाजगी सामान चालणार नाही. मात्र रस्ता धोक्याचा, बाई एकटी. तेव्हा संरक्षण अवश्य मिळेल.

सकाळी दहाबोने झेपतील तेवढ्या काठ्या पाठीला बांधल्या, चटया डोक्यावर घेतल्या. बाकीच्यासाठी पुन्हा यायचं होतं. पुढे दोन चिलखती गाड्या, मागे एक, मधोमध वाकलेली ती.

बशीरने खिडकीतून डोकं काढलं. "आत्या, कप्तान विचारतोय, सुरक्षित वाटतंय ना?"

"वाटतंय म्हणावं. फक्त मागच्या गाडीला सांग, जरा अंतर ठेव."