वामनरावांचा विग

"डोक्याले हात नको लावू, बाई," वामनराव म्हणाला आणि घामेजल्या हाताने त्याने माझं मनगट धरलं.

मी फक्त त्याची उशी सारखी करत होते. पण तेवढ्यात माझी बोटं त्याच्या विगखाली गेली होती आणि तिथे टाके लागले होते. ताजे टाके, दोऱ्याची टोकं बोटाला टोचत होती, बाजूला लिंबाएवढं टेंगूळ. माणसाच्या छातीत कळ उठलेली, शर्ट पिळून काढावा इतका ओला, आणि काळजी कशाची, तर विगची.

"स्टेजवरून पडलो," तो पुटपुटला. "कोनाले सांगू नको. मंडळवाल्यायले कळलं का बुकिंग जाते माहं."

त्याने मला ओळखलं नाही. ओळखणार कसा? आमच्या घरी तो कधी आलाच नव्हता. मी मात्र त्याला आमच्या दवाखान्यात स्ट्रेचरवरून आणलं तेव्हाच ओळखलं होतं. वडशात त्याला कोण ओळखत नाही? झाडीपट्टीतली एवढी मोठी नाटक कंपनी याची, चौकाचौकात पोस्टर, साठी उलटली तरी पोस्टरवर काळेभोर केस. याच कंपनीत माझी धाकटी बहीण ललिता काम करायची. कुरखेड्यापलीकडच्या एका गावात खेळ चालू असताना तिला ताप भरला, श्वास लागला. कंपनीची गाडी स्टेजमागेच उभी होती. ड्रायव्हर न्यायला तयार होता. हा म्हणाला, चौथा अंक होऊ दे, मग नेऊ. झाडीपट्टीत खेळ उजाडेपर्यंत चालतो. उजाडलं तेव्हा ललिता मेकअपच्या तंबूत पडली होती, गालावर रंग तसाच. तो रंग मी पुसला. पुढच्या खेळाला याने स्टेजवर उभं राहून तिला श्रद्धांजली वाहिली आणि टाळ्या घेतल्या. आमच्या आईला एक साडी पाठवली. ती मी चुलीत घातली.

तर असा हा माणूस माझ्या खाटेवर येऊन पडला होता.

डॉक्टर नीलिमा मॅडम कार्डिओग्रामची पट्टी घेऊन आल्या. वयाने लहान, पण झटक्यावरचं इंजेक्शन द्यायचं म्हटलं की कितीही घाई असो, आधी चौकशी पुरी करणारच.

"मोठा झटका आहे," त्यांनी वामनरावच्या मुलाला, विक्कीला सांगितलं. "हृदयाच्या नसेत रक्ताची गुठळी अडकली आहे. इंजेक्शनने ती विरघळेल. पण या औषधाला आपली-परकी गुठळी कळत नाही. कुठे ताजी जखम भरत असेल तर तीही उघडते. डोक्यात रक्त सुटलं तर मग माझ्या हातात काही राहत नाही. म्हणून खरं सांगा. एवढ्यात ऑपरेशन? लकवा? रक्ताची उलटी? डोक्याला मार?"

विक्कीने बापाकडे पाहिलं, मग दाराकडे. दारात चैतूभाऊ उभे होते, ज्या गावात आज खेळ होता तिथल्या मंडळाचे अध्यक्ष. बुकिंगच्या ऑफिसात वामनरावला कळ आली तेव्हा ते तिथेच होते, तेही गाडीत बसून आले होते.

"नाई मॅडम," विक्की म्हणाला. "काहीच नाई."

"वामनराव, तुम्ही सांगा."

"नाई जी. सुई मारा लवकर. रातच्याला खेळ आहे."

"मॅडम," चैतूभाऊंनी मान आत घातली, "भाऊ उभे होतीन ना रातच्याला? पब्लिक लई आहे."

मॅडमनी त्यांना बाहेर उभं राहायला सांगितलं आणि मला औषध तयार करायला.

भुकटीत पाणी सोडलं. हे औषध जोराने हलवायचं नसतं, फेस येतो. बाटली अलगद फिरवत राहायचं. मी फिरवत होते आणि खोटं कशाला बोलू, मला आनंद होत होता. इतकी वर्षं मनातल्या मनात या माणसाला किती तऱ्हांनी मारलं असेल, पण इतकं सोपं कधीच सुचलं नव्हतं. मला काही करायचंच नव्हतं. फक्त गप्प बसायचं. खोटं त्याचा पोरगा बोलला होता, तो स्वतः बोलला होता. वर मलाच म्हणाला होता, सांगू नको. नाही सांगत, जा.

मी सिरिंज भरून ट्रेमध्ये ठेवली. मॅडमनी हातमोजे चढवले. सुई त्या स्वतः देणार होत्या.

"सिस्टर, अंग बघितलंत ना सगळं? कुठे जखम नाही?"

हे त्या दर वेळी विचारतात. वामनराव माझ्याकडे पाहत होता. डोळ्यांनी विनवत होता की गप्प बस.

मला दया आली असं कोणी समजू नये. अजिबात आली नाही. मनात आलं ते एवढंच, की हा आत्ता मेला तर मोठा कलावंत होऊन मरेल. रंगभूमीची सेवा करता करता गेला म्हणून चौकात फलक लागतील. आपण कोणामुळे मेलो हे त्याला कळणार नाही आणि ललिताचं नाव कोणी काढणार नाही. शिवाय मरण लागेल ते या पोरसवदा डॉक्टरच्या हाताला. तिने काय वाकडं केलं होतं माझं?

मी हात पुढे केला आणि त्याचा विग उचलला.

टक्कल, त्यावर औषधाचा पिवळा डाग आणि काळ्या दोऱ्याचे टाके. दारातून चैतूभाऊंनी पाहिलं. "अरे बापा!" ते म्हणाले.

"हे कधीचं आहे?" मॅडमचा आवाज चढला.

"मंगळवारी पडले," विक्की म्हणाला. "थोडा वेळ शुद्ध नव्हती. पप्पा म्हणले, कोनाले सांगू नको. मले काय मालूम सुईनं असं होते..."

मॅडमनी ट्रेमधली सिरिंज दूर सरकवली. "इंजेक्शन नाही. नागपूरला पाठवू, तिथे तार घालून नस उघडतील. उशीर होईल, पण दुसरा इलाज नाही. सिस्टर, सोबत जाल?"

"जाईन," मी इतक्या पटकन म्हटलं की त्यांनी वळून पाहिलं.

बाहेर चैतूभाऊ फोनवर होते. "दुसरी कंपनी पाहा रे. इथलं जमत नाई." वामनरावने ते ऐकलं आणि डोळे मिटले. मला बरं वाटलं, लपवू कशाला?

अँब्युलन्स निघताना मॅडमनी बजावलं, पेशंटला बोलू देऊ नका. मी बोलू नये असं काही त्या म्हणाल्या नव्हत्या. विक्की पुढे ड्रायव्हरजवळ बसला. ब्रह्मपुरी मागे पडली तशी मी वामनरावच्या कानाशी वाकले.

"भाऊ, मी ललिताची बहीण. रंभा."

ऑक्सिजनच्या मास्कवरचे डोळे मोठे झाले. मशीनवरचा आकडा वर चढला. मी थांबले. आकडा खाली आला, मी पुन्हा सुरू केलं. रस्ताभर असंच. नाडी चढली की गप्प, उतरली की पुढे. मारायचं नव्हतं मला त्याला, ऐकवायचं होतं.

ललिताने तालमीला जाऊ नये म्हणून आई तिच्या चपला लपवायची आणि ती अनवाणीच जायची, ते सांगितलं. दुसऱ्या अंकात ढसाढसा रडून पडद्यामागे आली की लगेच भजे मागायची, ते सांगितलं. तिला त्या वर्षी नर्सिंगचा फॉर्म भरायचा होता, तुमची कंपनी सोडायची होती, तेही सांगितलं. त्याला माहीत नव्हतं. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहून मास्कच्या कडेला जाऊ लागलं. मी गॉजने टिपलं, मास्कची पकड सुटू नये म्हणून.

"माफ..." मास्कमध्ये तो पुटपुटला.

"बोलू नका, भाऊ," मी म्हटलं. "मॅडमनं मना केलं आहे."

नागपूरला हॉस्पिटलची माणसं तयारच होती. ट्रॉली आत घेतली. जाताना त्याने मान वळवली. तो विक्कीला नाही, मला शोधत होता. मग दार बंद झालं.

"सिस्टर," विक्की रडवेला झाला होता, "पप्पा वाचतीन ना?"

"वाचाले पायजेत," मी म्हणाले. "त्यायले अजून लई सांगाचं आहे. तंबूपर्यंत तं मी आलीच नाई."

त्याला काही कळलं नाही.

ड्रायव्हर आत येऊन म्हणाला, "चला बाई, गाडी वडशाले वापस न्याची आहे."

"थांब जरा," मी म्हटलं, आणि त्या बंद दारासमोरच्या बाकावर बसले.