फ्लोरी टीचरकडची दुसरी चावी

फ्लोरी टीचर यायच्या ना, तर आधी त्यांच्या कमरेचा चाव्यांचा जुडगा ऐकू यायचा, वाळक्या शिरीषाच्या शेंगा वाऱ्यात खुळखुळतात तसा. बुवापाड्यात आमच्या लायनीत सगळ्यांची दुसरी चावी त्यांच्याकडं. गावी जाताना सासूनं आमची पण दिलेली, नवऱ्याला पत्ताच नाय.

तो कामाला जाताना मला नि बाळाला आत कोंडून बाहेरून कुलूप घालायचा. आदल्या दिवशीचा मार अंगावर निळा, पत्रा तापलेला, पोर छातीशी, आणि फटीतून टीचरचा आवाज यायचा, थंड, माठातल्या पाण्यासारखा. वसईच्या त्या, चर्चच्या शाळेत शिकवायच्या. मी सातवी नापास, तरी माझं रडू थांबावं म्हणून सांगत बसायच्या.

"चावी आपली नाय गं पोरी. लॅटिनमधली क्लाविस. तिची लेकरं जगभर गेली. इटलीत क्यावे झाली, फ्रान्सात क्ले, आणि पोर्तुगीजांच्या बोटीतून इकडं उतरली ती चावी."

"एवढी फिरली, मग माझ्याच दाराशी यायला काय झालं तिला?"

"माझ्याजवळच आहे. तू हो म्हण फक्त."

"नको टीचर, मारून टाकील."

रोज माझं नकोच. मग एक दिवशी दुपारी बाळाचं अंग तव्यासारखं, डोळे वर गेले, आणि मी पत्र्यावर डोकं आपटत ओरडले, उघडा, उघडा! टीचरनी चावी लावली, कुलूप पडलं, ऊन भसकन आत आलं, आणि त्यांच्या मागं नवरा उभा, कामावरून मधेच आलेला, हातात सळई. टीचर दारात आडव्या झाल्या. "पळ गं!" सळई त्यांच्या गळ्याखाली बसली, कट्ट झालं, ते अजून माझ्या कानात आहे. मी पोरीला घेऊन अनवाणी पळाले, लायनीतल्या बायकांनी त्याला धुण्याच्या धोपाटण्यांनी बडवला.

उल्हासनगरच्या दवाखान्यात पोरीला सलाइन लागलं, बाजूला डॉक्टरनं टीचरच्या हाडाचा फोटो खिडकीला धरला, म्हणाला, क्लेविकल, गळ्याखालचं हाड, तुटलंय. टीचर कण्हत हसल्या. "हे पण तिचंच लेकरू. क्लाविकुला. छोटी चावी. सगळ्यांच्या अंगात असते."

आता मी पोरीला घेऊन एकटी बदलापुरात राहते. कडी वाजली की अजून पोरीला उचलून भिंतीला चिकटते. टीचर मागच्या थंडीत गेल्या. त्यांनी दिलेली आमच्या त्या खोलीची चावी उशाशी आहे, तिचं कुलूप कुठं गेलं कुणास ठाऊक. पोरगी झोपेत माझ्या गळ्याखालचं हाड मुठीत धरते, तेव्हा कानात टीचरच्या जुडग्याच्या शेंगा खुळखुळतात, आणि वाटतं, गेलेलं माणूस अजून बाहेर चावी घेऊन उभं असतं, आपण आतून हो म्हणेपर्यंत.