कवळीच्या बोलीवर शिवलेली गोधडी

गोधडीवाल्या मावशीच्या गोधडीत शिरलेला माणूस सकाळी आपणहून उठत नसे, त्याला उकरून काढावं लागे. गोदामाच्या राखणदाराला तिने एक गोधडी दिली, तेव्हा तर कमालच झाली. दोन चोर आले, त्यांनी त्याची झोप पाहिली आणि जांभया देत देत दोघेही त्याच्याच पायाशी आडवे झाले. सकाळी मालकाने तिघांना चहा पाजून उठवलं. खोटं वाटत असेल तर राखणदाराला विचारा. जागा असला तर सांगेल.

पण या गोधड्या मावशी वाटायची. बाळंतिणीला दे, आजाऱ्याला दे, रुसून माहेरी आलेलीला दे. कोणी "पैसे देतो, एक शिवून द्या" म्हणालं की मात्र तिचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा व्हायचा.

"दिलेल्या गोधडीला पांघरणारा मिळतो," ती म्हणे, "विकलेलीला गिऱ्हाईक मिळतं. पांघरणारा डोळे मिटतो, गिऱ्हाईक डोळे वटारतं. वर तारीख देतं. तारीख आली की घाई आली, आणि घाई ठार आंधळी असते बाई!"

मग तिने दातांच्या डॉक्टरची गोधडी शिवायला घेतली कशी? नवऱ्यापायी. काकांचे दात एकेक करून निघून गेले होते, पंगत उठावी तसे. आता ते भाजलेल्या शेंगदाण्यांची बरणी उघडून समोर बसत, वास घेत, उसासा टाकत आणि झाकण लावत. मावशीच्या काळजाचं पाणी पाणी होई.

डॉक्टरची लेक लांबच्या थंड गावी नोकरीला निघाली होती. डॉक्टर म्हणाला, "मावशी, तुम्ही तिला गोधडी द्या, मी काकांना कवळी देतो. या हाताने द्या, त्या हाताने घ्या."

मावशी नाही म्हणायला तोंड उघडणार, इतक्यात काकांनीच आपलं रिकामं तोंड वासून दाखवलं. झालं! मावशी विरघळली.

गोधडी निम्मी झाली नाही तोच डॉक्टर तपासायला हजर. हातात तो काडीला लावलेला इवलासा आरसा! गोधडीवर पालथा पडून एकेक टाका बघू लागला.

"मावशी, हा जरा हलतोय. आणि इथे आत पोकळी वाटते."

"भरून द्या की मग सिमेंटने!" मावशी कडाडली.

डॉक्टर हसला, पण जाता जाता बॉम्ब टाकून गेला. लेकीची बस एक दिवस अलीकडे आली होती. गोधडी उद्या दुपारीच हवी.

आता मावशीची शिवायची रीत सांगायला हवी. ती गोधडी जमिनीवर अंथरी आणि कापड ताणलेलं राहावं म्हणून घरातल्यांना कडांवर बसवी. एका कडेवर काका, दुसरीवर सून, तिसरीवर मांजर. ते कोणी न सांगताच येई. आणि सगळ्यांची तोंडं भिंतीकडे. कारण गोधडीकडे तोंड करून बसलेला माणूस मुकाट बसतच नाही, "इथे लाल शोभलं असतं" म्हणतोच.

तर दुसऱ्या दिवशी मावशीची सुई जी सुटली, ती शर्यतीच्या घोड्यासारखी. सुनेला पाठीमागून नुसता सूं सूं वारा लागत होता. तीन कडा झाल्या. चौथीवर मावशी स्वतः बसली आणि हात मागे नेऊन नुसत्या चाचपणीने ती कडही आवळून टाकली. शेवटची गाठ मारली आणि दारात डॉक्टर! बाहेर मोटारीत त्याची लेक भोंगा वाजवत होती.

"झाली का हो, मावशी?"

"झाली!" म्हणत मावशी ऐटीत उठायला गेली आणि धपकन खाली बसली. सून उठायला गेली, तीही धपकन. मांजराने उडी मारली, तर ते गळ्यातल्या फितीला हिसका बसून जागच्या जागी पडलं.

मावशीने अख्खं घर गोधडीला शिवून टाकलं होतं. तिचा गाऊन, सुनेचा कुडता, मांजराची फीत, काकांचा पायजमा. टाके असे बारीक, की मुंगीला वाट मिळू नये.

"कात्री कुठाय, आई?" सून ओरडली.

मावशीने गोधडी हलवली. आतून खण्ण आवाज आला.

डॉक्टर स्वयंपाकघरातून सुरी घेऊन धावत आला. "खबरदार!" मावशी गरजली. "सुरी माझ्या गोधडीला? आधी माझ्या मानेवर ठेवा! हे टाके दातांनीच तुटतात. कुरतडा की तुम्ही!"

"मी? अहो, दातांनी दोरा तोडू नका म्हणून मी लोकांना रोज ओरडतो! तशी पाटीच लावलीय दवाखान्यात!"

बाहेर भोंगा वाजला. लांब, रडवेला. बस चुकली तर लेकीची नोकरी जायची, गोधडी गेली नाही तर काकांची कवळी.

तेव्हा काका बोलले. "डॉक्टर, कवळी आणलीय?"

"आणलीय. पण गोधडी हातात पडल्यावर..."

"आधी द्या. सूनबाई, डोळे मीट."

काकांनी नाडी सोडली, पायजमा गोधडीलाच ठेवला आणि पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीत ते शूरासारखे उभे राहिले. कवळी तोंडात बसवली, कट्ट करून वाजवून पाहिली आणि गुडघ्यांवर येऊन गोधडीची कड धरली. मग काय विचारता! कट्, कट्, कट्! मक्याच्या कणसावरून दात फिरावेत तसे काका कडेवरून निघाले. सून सुटली. मांजर सुटलं, ते थेट माळ्यावर. पायजमा सुटला. मावशीपाशी आल्यावर मात्र ते थांबले.

"अगं, लग्नाची गाठ राहू दे ना?"

"चावट मेले! तोडा आधी!"

डॉक्टर दारात कान झाकून उभा होता. प्रत्येक कट्ला त्याचा एकेक केस पांढरा होत होता. पण कवळी टिकली. गोधडीची किनार मावशीने उभ्या उभ्या पुन्हा आवळली आणि गोधडी मोटारीत जाऊन पडली.

"बाबा, ही वाजते!" लेक म्हणाली.

"ती कात्री गं," मावशी खिडकीतून ओरडली. "गोधडी बापाने घेतलीय, कात्री माझ्याकडून तशीच!"

गोधडीत काहीतरी का होईना, दिलेलं होतं, तेवढ्याने काम झालं. मुलीने बसमध्ये गोधडी गुडघ्यांवर घेतली मात्र, शेजारची बाई पेंगली, मग पुढची रांग, मग अख्खी बस. ड्रायव्हर म्हणे खिडकीबाहेर मुंडकं काढून, वारा खात, कसाबसा गावाला पोचला.

डॉक्टर मात्र परतताना पुन्हा मावशीच्या दारात. लाजत, पाय घासत. "मावशी, माझ्यासाठी एक शिवाल? मागाल ते देतो."

मावशीने नाही म्हणायला तोंड उघडलं, पण तिला बोलावंच लागलं नाही. कोपऱ्यात मूठभर शेंगदाणे फोडत बसलेले काका, त्यांच्याकडे अजून न बघणारी सून आणि नुकतंच माळ्यावरून उतरलेलं मांजर, तिघंही एकदम उठून भिंतीला पाठ लावून उभी राहिली होती.