एका चेहऱ्याचा पाणचष्मा

दोन लाकडी वाट्या, दोन काचा, नाकावरून जाणारी एक दोरी, डोक्यामागे अडकवायचा एक रबरी पट्टा आणि डाव्या वाटीला केसाएवढी एक चीर. मित्रांनो, मी एवढाच आहे. समुद्राच्या तळाशी पाहता यावं म्हणून केलेला मी एक जुना पाणचष्मा.

मला तेपोएच्या वडिलांनी घडवलं. तेपोए तेव्हा शाळा सोडून मोत्यांच्या शिंपल्यांसाठी बुड्या मारू लागली होती. वडील तिच्या डोळ्यांभोवती चुलीची काजळी फासायचे आणि मला त्यावर दाबून धरायचे. माझ्या कडेवर जिथे काळा ठिपका उमटे, तो भाग उंच. तो तासायचा. पुन्हा काजळी, पुन्हा दाब. तेपोए कंटाळून रडकुंडीला आली, पण शेवटी दोन्ही वाट्यांवर काळं वर्तुळ कुठेही न तुटता उमटलं. मग काचा बसवल्या आणि नीरफणसाच्या चिकाने सांधे भरले. माझ्या वाट्या मुद्दाम लहान ठेवल्या होत्या. खोल गेलं की आतली हवा आकसते आणि मी चेहऱ्याला ओढून धरतो. हवा थोडी असली तर ती ओढ सोसवते.

मी त्या एकाच चेहऱ्याचा होतो. तेपोएबरोबर मी इतके शिंपले पाहिले, की किनाऱ्यावरचे लोक म्हणत, "हिला चार डोळे आहेत!"

मग पाण्यात घालायचे काचेचे रबरी मुखवटे आले आणि मी होडीतल्या खिळ्याला लटकलो. तरी दर रविवारी प्रार्थनेहून आल्यावर तेपोए मला खोबरेल तेल चोळायची. तिचा मुलगा तिहोनी हसायचा. "आई, त्या लाकडाला एवढं तेल, आणि माझ्या इंजिनाला थेंब नाही!"

"तुझ्या इंजिनानं मला कधी शिंपला दाखवलाय?" ती विचारायची.

त्या दिवशी सगळे जण शिडाच्या होडीतून पलीकडच्या छोट्या बेटावर गेले होते. तिहोनी, त्याची बायको मोएआता, त्यांची चौदा वर्षांची ओरामा आणि गुडघ्यांनी जेरीला आलेली तेपोए. दिवसभर पोहणं झालं, भाजलेले मासे झाले. परतताना प्रवाळाच्या कड्याजवळ नांगर टाकून ते जरा थांबले, आणि वारा फिरला.

आता वारा होडीला सरळ कड्यावर ढकलत होता. इंजिन चालू होईना. शीड उभारून वळायला जागा नव्हती. होडी नुसत्या नांगराच्या दोरावर उभी होती, आणि तो दोर खाली एका प्रवाळाच्या खडकावर घासत होता. प्रत्येक लाटेबरोबर त्याची करकर मला खिळ्यावर ऐकू येत होती.

"दुसरा दोर थेट नांगराच्या कडीला बांधायला हवा," तिहोनी म्हणाला. मुखवटा घालून तो उतरला. लाटेने होडी त्याच्या डोक्यावर आपटली. तो वर आला तेव्हा मुखवट्याची काच फुटली होती आणि कपाळातून रक्त येत होतं.

"दुसरा मुखवटा?" मोएआताने विचारलं.

ओरामा हळूच म्हणाली, "वाळूत राहिला. जेवलो तिथे."

मला खिळ्यावरून काढलं गेलं. तिहोनीच्या रुंद गालांवर मी बसलोच नाही; पाणी भसकन आत आलं. "काही दिसत नाही, सगळं धुकं!" तो म्हणाला. मोएआताच्या नाकापाशी फट राहिली. तेपोएने मला स्वतःच्या डोळ्यांना लावलं. मित्रांनो, मला तिची हाडं ओळखू आली, पण त्यांच्यावरचे गाल केव्हाच ओसरले होते.

तिने मला खाली घेतलं, किटलीच्या बुडाची काजळी बोटावर घेतली आणि म्हणाली, "ओरामा, इकडे ये. हलू नकोस."

"आजी, आता काय गं हे!"

तिने नातीच्या डोळ्यांभोवती काजळी फासली, मला दाबलं, उचललं आणि कड उजेडात धरली. वर्तुळ कुठेही तुटलं नव्हतं.

"ती जाणार नाही," मोएआता म्हणाली.

"मला नको सांगूस, त्या दोराला सांग. तो थांबतोय का बघ!" तेपोए म्हणाली.

मोएआताने दोराकडे पाहिलं. मग लेकीच्या डोक्यामागे पट्टा तिनेच घट्ट केला.

चार माणसं एकावर एक उभी राहतील एवढं ते पाणी. पहिल्या बुडीत नांगर दिसला, पण ओरामाचा दम संपला. दुसऱ्या बुडीत तिने कडी धरली. हवा आकसली, मी तिच्या डोळ्यांना ओढू लागलो, माझी चीर कुरकुरली. तिने होडीतून आणलेल्या दुसऱ्या दोराचं टोक कडीतून ओवलं, एक वेढा घेतला, आणि तेवढ्यात वर काहीतरी तटकन तुटलं. जुना दोर सापासारखा सळसळत गेला. माझ्या काचांतून होडीची सावली कड्याकडे सरकताना दिसली. ओरामाने दुसरा वेढा घेतला आणि गाठ दोन्ही हातांनी आवळली. दोर ताणला गेला. गाठ बोटभर घसरली आणि बसली. सावली थांबली.

ती दोर धरून वर आली. मोएआताने तिला काखेत हात घालून ओढून घेतलं आणि सोडलंच नाही. संध्याकाळी वारा पडला, तेव्हा ते शीड उभारून घरी निघाले.

मित्रांनो, कुणालाही माझी गरज नव्हती, त्या काळातही मला रविवारचं तेल मिळत राहिलं. ते मिळालं नसतं, तर माझं लाकूड वाळून त्या चिरेपाशी उकललं असतं. तुमच्या घरी खिळ्याला असं काही टांगलेलं असेल, तर अधूनमधून त्याला हात लावत जा.

ओरामाने मला काढलं, तेव्हा तेपोएने माझ्या वाट्या एकेक करून आपल्या तळहातावर पालथ्या केल्या. डाव्या वाटीतून तीन थेंब पडले. उजवी कोरडी होती.