टिळा लावलेलं अंडं

अमावास्येला होटगीच्या रेल्वे फाटकापलीकडच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये पाय ठेवायला जागा नसते. बायका पहाटेपासून येऊन बसतात. कुणाच्या हातात नारळ, कुणाच्या हातात दवाखान्याची फाईल. पुढे पाटावर विरुपाक्ष महाराज, त्यांच्यासमोर तांब्याची परात आणि बाजूला अंड्यांची टोपली, काही अंडी टिळ्याची, काही कोरी. लोक त्यांना ‘अंडेमहाराज’ म्हणतात. मीही म्हणते, फक्त हात न जोडता.

“डाक्टर पोटाचा फोटू काढतो, मी नशिबाचा काढतो!” महाराज गरजले. “सोनोग्राफीत करणी दिसती का? बोला!”

“न्हाई!” सगळी शेड ओरडली.

एक बाई पुढे आली. महाराजांनी टोपलीतलं कुंकवाचा टिळा लावलेलं एक अंडं उचललं, तिच्या पोटावरून सात वेळा फिरवलं आणि परातीत फोडलं. आतून लाल पाणी आलं, वर काळ्या केसांची गुंतवळ. बाई किंचाळून खालीच बसली.

“कुणी केलं ते इचारू नगंस,” महाराज हळूच म्हणाले. “भावकीत भांडणं लागत्याल.” म्हणजे आता लागणारच.

मी अपेक्षा. सोलापुरात हायस्कूलला विज्ञान शिकवते. असले तमाशे बघून एरवी मला हसू येतं, पण त्या दिवशी मी हसायला आले नव्हते. तिसऱ्या रांगेत माझी धाकटी बहीण अंकिता बसली होती. तिला मूल होत नव्हतं म्हणून तपासण्या केल्या, तर गर्भाशयाचा टीबी निघाला. गोळ्या सुरू झाल्या, ताप गेला, अंगावर जरा मांस आलं. मग तिच्या नवऱ्याने, दीपकने, तिला इथे आणलं. अंडं काळं निघालं. “गोळ्या गर्भ जाळत्यात, फेकून दे,” असा हुकूम झाला आणि पोरीने फेकल्या. आता रोज संध्याकाळी पुन्हा ताप भरत होता. टीबीचं औषध अर्ध्यावर सोडलं की रोग उलटतो, मग तो त्याच औषधांना दाद देत नाही. हे मी दीपकला शंभरदा सांगितलं.

“ताई, तुमचं पुस्तक ऱ्हाऊ द्या,” तो म्हणाला. “मायाक्कामावशीला पन्नाशीनंतर पोर झालं. ह्या डोळ्यांनी बघितलंय की!”

इथेच माझं शिक्षण तोकडं पडत होतं. मायाक्का माझी सख्खी मावशी. लग्न होऊन जन्म गेला, मूल नाही. वय बावन्न. आणि मांडीवर पाच महिन्यांचं गुटगुटीत बाळ! दर अमावास्येला तिची सासू केसरबाई तिला नटवून महाराजांशेजारी बसवायची, आजही तशीच बसवली होती. बाळाचे डोळे घारे होते. दोन्ही घराण्यांत कुणाचेच तसे नाहीत. “माझं तेज उतरलंय,” असं महाराज सांगायचे. मी मावशीला आठवड्यापूर्वीच गाठून विचारलं होतं, खरं काय ते सांग म्हणून. ती बाळाची दुपटी घडी करत राहिली. “चारधामाहून आल्यावर ऱ्हायलं बघ,” एवढंच बोलली.

अंकिताचं नाव पुकारलं. मी तिचा हात धरून तिच्याबरोबर पुढे गेले. महाराजांनी टिळ्याचं अंडं उचललं आणि मी ते त्यांच्या हातातून सरळ काढून घेतलं.

“ए, कोन हाय ही?”

“हिची बहीण. महाराज, बिनटिळ्याचं अंडं नेहमी स्वच्छ निघतं आणि टिळ्याचं नेहमी काळं. असं का हो?”

उत्तराची वाट न बघता मी ओल्या रुमालाने कुंकू पुसलं. खाली मेणाचा ठिपका होता. नखाने तो खरवडला, तशी सुईएवढ्या भोकातून लाल पाण्याची धार माझ्या मनगटावर आली. अंडं फोडायच्या आधीच रडायला लागलं.

“बघा! सुईने भोक पाडून आतलं काढायचं, केस आणि कुंकवाचं पाणी आत ढकलायचं, मेणाने बुजवायचं, वर टिळा. ही करणी आहे, पण ह्यांची!”

मला वाटलं, संपलं. छे! महाराज क्षणभरच चपापले.

“कलियुग!” ते हसले. “नास्तिकाच्या हातात विद्येचं पानीच हुतं! अंडं ऱ्हाऊ द्या. हे पोर बी मेणाचं हाय का?” आणि त्यांनी मावशीच्या मांडीवरचं बाळ उचलून उंच धरलं.

शेड नुसती पेटली. जयजयकार, टाळ्या. मागून कुणीतरी माझी ओढणी ओढली. “हाकला तिला!” दीपकने अंकिताचा दंड पकडला. “बस खाली, आंगारा घे.” तिचा हात माझ्या हातातून सुटत चालला होता. तिचं अंग चटका बसावा इतकं तापलं होतं. मी मावशीकडे बघून ओरडले, “मावशी, पोरगी मरेल गं!”

बाळ रडायला लागलं. मावशी उठली. केसरबाईने तिचा पदर खेचला, तो तिने सोडवून घेतला. महाराजांच्या हातातून बाळ काढून खांद्यावर टाकलं.

“माजं पोर ह्या अंड्यानं झालं न्हाई,” ती म्हणाली. “पर अंड्यानंच झालं. बाईच्या.”

मागच्या रांगा ऐकायला उठून उभ्या राहिल्या.

“आमी चारधामाला गेलोच न्हाई. इमानानं ग्रीस देशात गेलो. माजं बीज कवाच सरलं हुतं. दुसऱ्या बाईचं घ्या म्हणून पुण्याचे डाक्टर सांगत हुते, मीच नगं म्हणत बसले. लोक काय म्हनत्याल! मन तयार झालं तवर पन्नाशी उलटली, मग आपल्या कायद्यात बसंना. तितल्या दवाखान्यात एका बाईनं बीज दिलं. ह्यांच्या बिजासंगं डाक्टरांनी ते काचंच्या बशीत वाढवलं नि माज्या पोटात ठेवलं. पयल्या खेपंला टिकलं न्हाई. दुसऱ्यांदा टिकलं. ह्या वयात जिवावर बेतंल, असं त्यांनी आदीच सांगितलं हुतं. पोराचे डोळे घारे का, म्हणून इचारता न्हवं? ती बाई घारी हुती.”

“मायाक्का, कुनी पढवलं तुला?” महाराजांचा आवाज चिरकला.

“ह्या माज्या सासूनं, अव्वांनी, मला तुमच्याकडं पयल्यांदा आणलं, तवा मी तीन महिन्यांची गरवार हुते, म्हाराज. तुमाला कळलं न्हाई. मला आडोसा पायजे हुता, म्हणून मी बी गप ऱ्हायले.” तिने अंकिताकडे बघितलं आणि तिला रडू फुटलं. “ह्या लेकरानं माज्याकडं बघून गोळ्या टाकल्या.”

केसरबाईने मागे चपलांपाशी उभ्या असलेल्या लेकाकडे मान वळवली. “सिद्धप्पा, खरं हाय का हे?”

“व्हय, अव्वा,” काका म्हणाले.

“म्हंजी परक्या बाईचं अंडं?” गर्दीतून एकजण तिरस्काराने ओरडला. “मग पोर हिचं कसं?”

मावशीने डोळे पुसले. “माज्या पोटात वाढलं, माज्या दुधावर जगलं, म्हणून माजं. आन काय वो दादा, कोंबडीच्या अंड्यानं झालेलं इतके दिस चाललं तुमाला. बाईच्या अंड्यानं झालेलं चालंना व्हय?”

कुणीतरी फिसकन हसलं. मग दुसरी एक, मग अख्खी रांग. गर्दीच्या रागाला महाराज तोंड देऊ शकले असते, हसण्यापुढे त्यांचं काही चालेना. पाटावरून उठताना त्यांचाच पाय टोपलीला लागला. टिळ्याची अंडी फरशीवर फुटली आणि लाल ओघळ बायकांच्या पायांपर्यंत आले. बाळाच्या डोक्यावर केसरबाईने स्वतःचा पदर धरला आणि सुनेला बाहेर उन्हात घेऊन गेली.

जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार मी दुसऱ्या दिवशी दिली. त्याआधी अंकिताला दवाखाना गाठायचा होता. रिक्षात दीपक मान खाली घालून बसला होता. अंकिता माझ्या खांद्यावर डोकं टेकून म्हणाली, “ताई, मला हुईल का गं मूल?”

“माहीत नाही,” मी म्हणाले. “डॉक्टरांनाही आत्ता सांगता येणार नाही. आधी तू बरी हो.”

तिला खोटं सांगून हसवावं, असं मलाही फार वाटलं. पण बायांनो, आणि त्यांना घेऊन येणाऱ्या बाप्यांनो, एवढं तरी पारखून घ्या. जो कधीच ‘माहीत नाही’ म्हणत नाही, त्याच्या हाती आपला देह देऊ नका. आणि विज्ञानाने तुमच्या घरात पाळणा हलला असेल, तर लाजू नका. तुम्ही गप्प बसलात, की त्या पाळण्याची दोरी कुणीतरी महाराज येऊन धरतो.