ज्वारी संपली म्हणायचं नाही

आमच्या घरात काहीच संपत नाही. म्हणजे संपतं, सगळ्यांच्याच घरी संपतं, पण तसं बोलायचं नाही. मिठाच्या डब्याचा तळ दिसला की मीठ वाढलं म्हणायचं. तेल वाढलं, पीठ वाढलं, तांदूळ वाढले. धान्याच्या घरात 'सरलं', 'संपलं' असे शब्द तोंडातून काढले की ते घर धरून बसतात, असं माझी सासू सांगायची, आणि मी तिच्यापेक्षा दोन बोटं वर कडक. गोपिका नवी नवरी होऊन आली तेव्हा दुसऱ्याच दिवशी चुलीपासून ओरडली, "आई, पीठ संपलं!" मी म्हटलं, "पीठ वाढलं, सूनबाई. संपली ती तुही अक्कल." पोरगी हसली. रडली असती तर मला आवडली नसती.

इतवारी बाजारात आमचं धान्याचं दुकान. खाली दुकान, मागे गोदाम, वर घर. माझे मालक रुपराव गेले तेव्हा आमचा चंद्रभान मॅट्रिकला होता. लोक म्हणाले, बाई तिसरी शिकलेली, दुकान विकून मोकळी हो. मी गादीवर जाऊन बसले. तागडी खाली जाते की वर, एवढं तर म्हशीलाही कळतं. पुढे चंद्रभान हाताशी आला, त्याचं लग्न झालं, आणि त्याच्या बायकोला कॉलेजात मीच घातलं. बायका म्हणाल्या, सुनेला शिकवून काय कलेक्टर करता? मी म्हटलं, "तुम्ही तुमच्या लेकांले करा, मी सुनेले करते. पाहू कोणाची गाडी आधी येते ते."

हे त्र्याहत्तर सालचं. आदल्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता आणि उन्हाळा लागला तशी बाजारात ज्वारी दिसेनाशी झाली. रेशनवर लाल मिलो मिळायची, अमेरिकेतून आलेली. तिकडे ती जनावरं खातात असं लोक बोलायचे आणि लायनीत उभे राहायचे.

एका दुपारी समोरच्या घरची कांताबाई जिना चढून आली. तिला धाप लागली होती आणि आनंदही झाला होता.

"पंचफुलाबाई, तुमच्याकडे सगळं बरं आहे नं वं?"

"काहून? तुले वाईट दिसून राहिलं का काही?"

"तसं नाही. तुमची सून दिसली मले. रेशनच्या लायनीत, थैली घेऊन. मी म्हटलं, भरल्या घरची सून, आणि मिलोले उभी!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. धान्यवाल्याची सून रेशनच्या लायनीत, म्हणजे कुंभाराच्या सुनेनं आळीत मडकं मागत फिरावं. पण कांताबाईसमोर मी पापणी हलवली नाही.

"तिले परीक्षेत दुष्काळावर लिहा लागते," मी म्हटलं. "तुह्या सुनेले कोणी विचारते का दुष्काळावर?"

कांताबाई गेली आणि गोपिका आली. घामानं निथळत, हातात थैली. मी दारातच आडवी उभी राहिले.

"थैलीत काय आहे?"

"मिलो."

"काहून?"

"घरची ज्वारी संपली म्हणून."

माझ्या घरात, माझ्या उंबऱ्यावर, माझ्या तोंडावर! मी हात उगारला नाही, पण तो आपणहून वर आला होता.

"काय म्हणालीस?"

"मी नाही म्हणत, आई. दुकानावर पाटी लावली आहे. इतवारी वाचून राहिली, तुम्हीच नाही वाचली."

गुडघे दुखतात म्हणून मी चार-पाच दिवस खाली उतरले नव्हते. तशीच उतरले. दुकानाच्या फळ्या अर्ध्या लावलेल्या आणि भाव लिहायच्या काळ्या पाटीवर खडूनं मोठं काहीतरी लिहिलेलं. मला अक्षर जोडून जोडून वाचावं लागतं. ज्वा. री. सं. प. ली. अक्षर चंद्रभानचं, मोत्यासारखं. त्या अक्षरासाठी मी मास्तरची शिकवणी लावली होती. आणि पाटीच्या मागे, गोदामात, पोती छताला भिडलेली.

"हे कोण मेलं म्हणून लिहिलं?" मी विचारलं.

चंद्रभान गादीवरून उठला. "माय, हळू बोल. बाजाराचं ठरलं आहे. बापूजींनी सगळ्यांले बोलावलं होतं. आखाजीपर्यंत कोणी ज्वारी काढायची नाही. मग भाव कुठं जाते ते पाय तू."

बापूजी म्हणजे आमच्या ओळीतला सगळ्यात मोठा आडत्या. रुपरावांच्या बरोबरीचा. तो शिंकला की अर्धी इतवारी पदर-उपरणं नाकाला लावते.

"थांबून विकायचं तर थांब," मी म्हटलं. "व्यापार आहे. पण मग 'देत नाही' असं लिही. संपली काहून लिहिलं?"

"'देत नाही' लिहिलं तर लोक दगड मारतील नं!"

हे त्यानं भाव सांगावा इतक्या सहज सांगितलं. मी जिना धरला.

वर आले तर गोपिका येतानाच दळून आणलेली मिलो परातीत मळायला बसलेली. पीठ लाल, त्याला चिकटपणा म्हणून नाही. भाकर थापायला घेतली की कडेनं फाटत होती. ती पुन्हा गोळा करायची, पुन्हा थापायची.

"हे नाटक कोणासाठी?" मी विचारलं.

"नाटक नाही. तीन दिवसांनी माहा पेपर आहे. त्यात बंगालच्या दुष्काळावर प्रश्न येते, सर म्हणाले. मी बसणार नाही पेपराले."

आता मात्र मी पाट ओढून बसले. जी सून कलेक्टर होणार म्हणून मी आळीभर तोंड वाजवलं होतं, ती पेपराला बसणार नाही म्हणते!

"काहून बसणार नाही?"

"आई, त्रेचाळीस साली तिकडे लाखो माणसं भुकेनं मेली. तांदूळ देशात होता. इंग्रज सरकारनं केलं ते केलंच, ते लिहिणं सोपं आहे. पण गोदामं कोणाची होती? मी महिनाभर पुस्तकात राक्षस शोधून राहिली होती. एखादा तरी मोठा सुळेवाला सापडंल. नाही सापडला. भाव चढंल म्हणून थांबलेली साधी माणसं सापडली. सकाळी देवाले फूल वाहणारी. बायकोले लुगडं आणणारी. ती म्हणत, सगळ्यांनीच फळ्या लावल्या, मग आम्ही एकट्यानं काय करावं?"

"माह्या दुकानात कोणी मेलं नाही," मी म्हटलं.

"त्यांच्याही दुकानात कोणी मेलं नाही, आई. रस्त्यावर मेले."

तव्यावरची भाकर मधोमध चिरली. तिनं ती तशीच उलटली.

"हे मी पेपरात लिहू, पानं भरून, आणि घरी येऊन याच गोदामातली भाकर खाऊ? मग मी काय शिकली? नुसती दुसऱ्यांची पापं पाठ केली."

मी तिला बोलले. पोटभर बोलले. म्हटलं, तुझ्या अंगावरचं लुगडं या गोदामाचं, तुझी कॉलेजची फी या गोदामाची, तुझी पुस्तकंही. ती म्हणाली, "म्हणूनच तर." मग मी तिची ती लाल भाकर तोडून एक घास खाल्ला. वाईट होती. अगदी वाईट. घशाला माती लागल्यासारखी. सबंध इतवारीच्या मागच्या बाजूला, भरल्या गोदामांच्या भिंतीला लागून, लोक हे खात होते आणि आम्ही त्यांना सांगत होतो की संपली. रुपरावांच्या दुकानावर गिऱ्हाइकाला कधी वजनात मारलं नाही. आणि आता खडूनं मारत होतो.

सकाळी मी न्हाऊन खाली गेले. ओल्या फडक्यानं पाटी पुसली. चंद्रभान म्हणाला, "माय, बाजार आपल्याले टाकंल. पुढच्या हंगामाले माल कोणी देणार नाही. एक हमाल हात लावणार नाही आपल्या पोत्याले."

"तुले हात नाहीत का?" मी म्हटलं. "फळ्या काढ."

त्यानं नाही काढल्या. मी एक काढली, गोपिकानं उरलेल्या.

पहिली आली ती मीराबाई. सदर भागात इमारतीच्या कामावर घमेली उचलायची. रोज सकाळी जाताना आमच्या दुकानासमोर क्षणभर थांबून पाटीकडे बघायची आणि पुढे जायची, असं गोपिकानं सांगितलं. आज पाटी कोरी पाहून ती तिथंच उभी राहिली.

"ज्वारी आली का वं बाई?"

"गेलीच कुठं होती? पदर पसर. आणि फुकट नाही मिळणार, आधीच सांगते. होळीले जो भाव होता तो."

"फुकट कोण मागून राहिलं?" ती फणकारली. मला बरं वाटलं.

मी तागडी उचलली. पहिल्या वजनाला आम्ही 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतो. मी म्हटलं, "लाभ!" असं मोठ्यानं, की चौकापर्यंत जावं. गेलं. थोड्या वेळानं धोतराचा सोगा सावरत बापूजी स्वतः आले.

"कसला लाभ, वहिनी? नुकसान म्हणा. तुम्ही सगळ्या बाजाराचा भाव पाडून राहिल्या."

"पाडून नाही, बापूजी. होता तिथं ठेवून राहिली. उचलून तुम्ही राहिले."

"रुपराव असते तर त्यांनी बाजाराचा शब्द मोडला नसता."

"रुपराव असते तर त्यांनी आपल्या पाटीवर 'संपली' लिहू दिलं नसतं. तुम्ही लिहिता का तुमच्या घरी? तुमची बायको म्हणते का कधी, कुंकू संपलं?"

बापूजींच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. आजूबाजूला बायका जमल्या होत्या आणि त्यांतली एक फिस्सकन हसली.

"बाईमाणसाच्या तोंडाले लागून फायदा नाही," ते म्हणाले. "चंद्रभान, तुले सांगतो. आजपासून तुह्या दुकानाले माल नाही, गाडी नाही, हमाल नाही."

चंद्रभान कोपऱ्यात उभा होता. मला वाटलं, आता हा त्यांच्या मागे जातो. तो त्यांच्याकडे बघत राहिला, मग माझ्याकडे, मग गोपिकाकडे. ती वजनं पुसत होती, वर बघत नव्हती. त्यानं टेरिकॉटचा शर्ट काढून खुंटीला लावला आणि बनियनवर गोदामात गेला. पहिलं पोतं पाठीवर घेताना तो वाकडा झाला आणि अशी शिवी दिली की ती मी त्याला शिकवलेली नव्हती. कोणाला दिली ते मी विचारलं नाही.

लोकांना कळायला वेळ लागत नाही. मागच्या वस्तीतून आले, कामठीच्या रस्त्याकडून आले. एका घराला पाच किलोच्या वर द्यायची नाही असं मी ठरवलं. एक जाडा माणूस तीनदा आला, तिसऱ्यांदा टोपी बदलून. मी म्हटलं, "टोपी बदलली, पोट तेच आहे. जाय." समोरून कांताबाईही थैली घेऊन आली. तिला मी लायनीतच उभं केलं, सगळ्यात मागे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चंद्रभान गोदामातून बाहेर आला. अंगभर भुसा, पाठ सोललेली. रिकामी पोती त्यानं माझ्यासमोर टाकली.

"घे. झालं तुह्या मनासारखं. आता तरी खरं आहे नं? आता लिहू संपली म्हणून?"

"खबरदार!" मी म्हटलं. "लिही, ज्वारी वाढली."

त्यानं खडू घेतला आणि त्याच मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं. रस्त्यानं जाणारा एकजण थांबून म्हणाला, "भाव वाढला का?" गोपिका म्हणाली, "भाव नाही, भाऊ. ज्वारी." बापूजींच्या दुकानातून ती पाटी सरळ दिसते.

घरापुरतीही ज्वारी ठेवायची राहिली होती, हे त्या संध्याकाळी चुलीपाशी कळलं. तिघांनी मिलो खाल्ली. ती तेव्हाही वाईटच लागली, पुण्याईनं काही गोड झाली नाही.

सकाळी गोपिका पेपराला निघाली. मी तिच्या हातावर दही ठेवलं.

"एक ध्यानात ठेव," मी म्हटलं. "आपल्या घरात वाढलं म्हणायचं, ते आपल्या घरात. तिथं पेपरात शब्द फिरवू नको. तिकडची माणसं वाढली नाहीत वं. मेली. आणि कोणी मारली तेही लिही, फळ्या लावणाऱ्यांसकट."

"नंबर कमी देतील, आई."

"देऊ दे. कलेक्टर काय एका पेपरानं होतात?"

ती गेली. मी खाली उतरले, फळ्या काढल्या आणि रिकाम्या दुकानात गादीवर जाऊन बसले. विकायला दाणा नव्हता. पण बापूजी दुकान उघडायला यायची वेळ झाली होती, आणि मी त्यांना दिसायला हवी होते.